ऐकलं, कोणी नाही

६ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? दिवसातून चारदा जिना चढते म्हणे. तिला सांगा, भाचीने रागावून लिहिलंय.

आबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तिच्या पेट्या उघडायचा उद्योग चालू आहे. काल आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेचा नंबर लागला. वर दोन स्वेटर, त्याखाली त्यांचा रेडिओ सेट, टॉवेलात गुंडाळलेला पितळी खटका (जग त्याला मोर्सची की म्हणतं, आपल्या घरात तो खटकाच) आणि अगदी तळाला बेटावरची नोंदवही.

वहीत वारा, पाऊस, तापमान असणार हे ठाऊक होतं. ते होतंच. पण रोजच्या नोंदीखाली लाल पेन्सिलीने आणखी एक ओळ होती. "सहा वाजता ऐकलं. कोणी नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी मोजल्या, मामा. एकशे ब्याण्णव ओळी. पहिली माझ्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची, आणि शेवटची ते घरी यायला बोटीत बसले त्याच्या आदल्या दिवसाची.

मी एकोणीस वर्षांची होते. आबा हवामान चौकीवर, आणि दीड महिन्याने एक बोट जायची, तेवढीच पत्रं. त्यांच्याकडे हौशी रेडिओचा परवाना होता. मलाही मिळाला असता तर रोज संध्याकाळी सहाला आम्ही दोघं खटक्यावर बोलणार होतो. पहिलं वाक्यसुद्धा ठरलं होतं. "आबा, चहा झाला का?" ते म्हणायचे, पहिलं वाक्य मोठं नको, माणूस अडखळतो.

आणि परीक्षा घ्यायला तुम्ही. पाच मिनिटं खटका चालवायचा, परीक्षकाने कानाने ऐकून लिहायचं, पाचापेक्षा जास्त चुका निघाल्या की नापास. तुम्ही माझ्या सात काढल्यात. आई आजही शेजारणींना सांगते, "माझा भाऊ बघा, सख्ख्या भाचीला सोडलं नाही त्याने." दर महिन्याला पुन्हा बसता येत होतं. मी बसले नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी नापास झाले हे आबांना आठ दिवसांत कळलं होतं. मग ते ऐकत का बसले?

दुसरी. आमच्या गावच्या रेडिओ क्लबात दोन एप्रिलला तीच परीक्षा आहे. अर्ज आणून ठेवलाय. "एक्कावन्नाव्या वर्षी हे काय खूळ," असं हे म्हणतात. तुम्ही कोणाला बरं वाटावं म्हणून कधी बोलला नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारते. माझा हात खरंच वाईट होता का?

तुमची,
खुडबुड


१७ जानेवारी

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. जिन्याचं ऐकून ती म्हणाली, "तिला कळवा, वरच्या मजल्यावर तुमचा मामा राहतो, त्याला हाका मारून ऐकू येत नाही म्हणून चढावं लागतं." घे. सगळं माझ्याच अंगावर. कानात यंत्र बसवलंय, पण ते माणसांपेक्षा कपबशांचा आवाज जास्त पोचवतं.

भावोजींची वही सापडली हे वाचून जुने दिवस डोळ्यांपुढे आले. मी बंदराच्या बिनतारी केंद्रावर, ते बेटावर. रोज सकाळी सात वाजता त्यांचा हवामानाचा संदेश मीच उतरवून घ्यायचो. शेवटी दोन शब्द घरचे. साहेबाला ठाऊक होतं, तो खिडकीबाहेर बघायचा. मी काही शिकलेला माणूस नाही. सातवीनंतर शाळा सुटली, खटका शिकलो तो केंद्रातली टेबलं पुसता पुसता. पण एवढं सांगतो, प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. भावोजींनी पहिली दोन टिंबं दिली की मी ओळखायचो, आज स्वारी खुशीत आहे.

ते ऐकत का बसले म्हणतेस. बापाचं मन ते. आणि बेटावर संध्याकाळी दुसरं करायचं तरी काय? पाखरं मोजून झाली की रेडिओ.

परीक्षेचं म्हणशील तर बैस असं म्हणत नाही आणि बसू नको असंही म्हणत नाही. तब्येत बघ, ड्यूट्या बघ. तुझा हात वाईट होता की चांगला, हे इतक्या वर्षांनी कोण सांगणार? जुन्या गाठी सोडवायला गेलं की दोराच तुटतो कधी कधी.

आईला सांग, औषधं वेळेवर घे.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मामीचा जिना आहे, पाखरं आहेत, साहेबाची खिडकी आहे. मी विचारलं त्याचं उत्तर तेवढं नाही. आमच्याकडे पेशंटला "दुखतंय का?" विचारलं आणि तो हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला, की समजायचं तिथेच दुखतंय.

मग मीच बोलते. तुमच्या गुणपत्रिकेवर नुसत्या सात चुका नव्हत्या. खाली तुमच्या अक्षरात शेरा होता. "उमेदवाराला स्वतःच्या चुका कळत नाहीत."

मामा, सातांचं काही नाही. चूक झाली तर लगेच आठ टिंबं द्यायची आणि शब्द पुन्हा पाठवायचा, म्हणजे ती चूक धरत नाहीत, हे मला पाठ होतं. पण चूक झाल्याचं मला कळतच नाही, हे तुम्ही लिहिलंत. मी तेच खरं मानून बत्तीस वर्षं काढली. नर्सचं शिक्षण घेतलं तेव्हापासून प्रत्येक इंजेक्शनची मात्रा तीनदा बघते. बरोबरच्या पोरी हसतात. एकदा वाचते, दुसऱ्यांदा वाचते, मग बाहेर जाऊन परत येते आणि तिसऱ्यांदा वाचते. घराचं कुलूप तसंच, गॅस तसाच. लहान मुलाला टोचायचं असलं की सगळ्या वॉर्डातून मलाच बोलावणं येतं, हात हलका म्हणून. आणि मी मनात म्हणते, यांना काय माहीत, मला माझी चूक कळत नाही.

आता वहीचं. परवा पुन्हा चाळली. परीक्षेनंतरच्या नवव्या दिवशी लाल ओळीपुढे लिहिलंय: "मेहुणा सकाळी म्हणाला, पुढच्या महिन्यात पास होणार, नक्की. ऐकत राहा."

आबा ऐकत बसले ते तुम्ही सांगितलंत म्हणून. बरं, सात चुका काढणाऱ्या परीक्षकाला नवव्या दिवशी "नक्की" कशावरून वाटलं?

अर्ज फाडला नाहीये. पण भरलेलाही नाही. भरायची मुदत दहा मार्च.

खुडबुड


२० फेब्रुवारी

चि. खुडबुडीस,

उत्तराला उशीर झाला. तीन कागद लिहून फाडले. मामी म्हणाली, "कागद काय झाडाला लागतात? लिहायचं ते एकदाच लिहा." तेव्हा लिहितो.

माझे कान तेव्हाच गेले होते. आता गेलेत तसे नाही, पण सुरुवात झाली होती. वीस वर्षं कानाला हेडफोन लावून ढगांचा कडकडाट ऐकला, त्याचं बक्षीस. उजव्या कानात सतत एक बारीक शिट्टी वाजायची. केंद्रावर माझा मी संभाळून घ्यायचो. तिथल्या सेटवर खटक्याचा सूर खालीवर करता येतो, मी तो उतरवून ढोलासारखा करायचो, म्हणजे शिट्टीच्या खालून नीट ऐकू यायचं. काम कधी बिघडू दिलं नाही.

तुझ्या परीक्षेला क्लबाने नवी पेटी आणली होती. तिचा सूर ठरलेला, बदलता येत नव्हता. आणि तो नेमका माझ्या कानातल्या शिट्टीचाच सूर. तुझ्याआधी चौघे बसले. सुताराने खिळे ठोकावेत तसे ठोकणारे, त्यांची टिंबंही रेघांएवढी जाड. चौघेही पास. मग तू आलीस. तुझा हात भावोजींचा होता. टिंब कसं, नखाने टिचकी मारावी तसं. त्यातली काही माझ्या शिट्टीत बुडाली. मला ऐकू आली नाहीत ती मी तुझ्या नावावर चुका म्हणून लिहिली.

तेव्हा तुझा हात वाईट होता का, याचं उत्तर हे. वाईट नव्हता. माझा कान वाईट होता.

पुढे कानाचं दुखणं वाढलं तेव्हा मनात शंका आली, की त्या दिवशी आपल्याकडून पोरीवर अन्याय तर झाला नसेल? पण तोवर भावोजी परत आले होते, तू शिकायला बाहेरगावी गेली होतीस. म्हटलं, आता उगाच कशाला. हे माझं चुकलं. जमलं तर माफ कर.

तुझा मामा


२७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी हे ऐका, मी रागावलेली नाही. पत्र हातात घेऊन स्टूलवर बसले आणि एकदम मोठ्याने हसले. बत्तीस वर्षं मी माझ्या हाताला बोल लावला आणि भानगड होती तुमच्या कानात!

तुम्हाला ऐकू आलं नाही आणि नाही आलं हे तुम्हाला कळलंही नाही, तर त्यात दोष कसला? माफी कसली मागता? आमच्याकडे असे आजोबा रोज येतात. मी ठणठणीत आहे म्हणतात आणि दाराला धडकतात. उलट तुम्ही या वयात होऊन सांगितलंत. कोणी सांगितलं असतं? आईला वाचून दाखवलं, तर तिचे डोळे भरले. म्हणाली, "बघ, आजही किती सरळ आहे. माझा भाऊ खोटं नाही बोलणार."

"नक्की"चं कोडं तेवढं सुटलं नाही, पण जाऊ दे. मेहुण्याला धीर द्यायला म्हणाला असाल.

अर्ज भरला! उद्या टाकते. दोन एप्रिल. आबांचा खटका चिंचोक्याएवढ्या स्क्रूवर अडला होता, तेल घालून मोकळा केला. रोज अर्धा तास बसते. बोटं विसरली नाहीत, मामा. हे म्हणतात, सुतारपक्षी पाळलाय घरात.

तुमची,
खुडबुड


५ मार्च

चि. खुडबुडीस,

तुझं पत्र आलं आणि मला जेवण गेलं नाही. तू शिव्या दिल्या असत्यास तर त्या पचल्या असत्या. तू मला दोषच नाही म्हणालीस, ते नाही पचत. मागच्या पत्रात मी सगळं सांगितल्याचा आव आणला. अर्धंच सांगितलं होतं. आणि अर्धं सांगून पूर्ण माफी उपटली. हे दुसऱ्यांदा फसवणं झालं.

पाकिटात कागदाची गुंडाळी आहे. ती अलगद उलगड, कडा ठिसूळ झाल्यात.

नव्या पेटीला शाईचं एक यंत्र जोडलेलं होतं. उमेदवार खटका दाबेल तसं ते पट्टीवर आपोआप टिंब-रेघ ओढायचं. नियम असा होता, की परीक्षकाने कानानेच तपासायचं. उमेदवाराने आठ दिवसांत तक्रार केली तरच पट्टी बघायची, नाही तर जाळून टाकायची. तू तक्रार केली नाहीस. मामावर कोण करतं?

मी पट्टी त्याच संध्याकाळी बघितली. नंतर कधी शंका आली, असं मागे लिहिलं ते खोटं. परीक्षेची खोली आवरताना सहज हातात आली. टेबलावर पसरली, तुला दिलेला उतारा शेजारी ठेवला आणि बोट ठेवत वाचत गेलो. सगळी टिंबं होती, पोरी. एकही हरवलं नव्हतं. तुझी खरी चूक एकच होती, तिसऱ्या ओळीत. आणि तिच्यापुढे तू आठ टिंबं देऊन शब्द पुन्हा पाठवला होतास. त्या आठांतली मला चारच ऐकू आली होती, आणि मी ती चूक म्हणून धरली होती. त्यावर तो शेरा लिहिला. चूक कळत नव्हती ती कोणाला, हे मी तिथे उभ्या उभ्या वाचलं.

तुझी आई बाहेर व्हरांड्यात होती. मी पट्टी खिशात घातली आणि बाहेर गेलो. ती म्हणाली, "दादा, तू केलंस ते बरोबरच. लोक काय म्हणाले असते?" चार माणसं उभी होती, त्यांनी माना डोलावल्या. तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललो असतो तर लोकांनी विचारलं असतं, ऐकू कसं आलं नाही? आणि बहिऱ्या माणसाला बिनतारी केंद्रावर कोण ठेवतो? निवृत्तीला सहा वर्षं होती. दरसाल कानाची तपासणी व्हायची. डॉक्टर काचेपलीकडे बसून बटण दाबायचा आणि मी त्याच्या कोपराकडे बघून "आला आवाज" म्हणायचो. अशी सहा वर्षं काढली.

मनाशी ठरवलं होतं, पुढच्या महिन्यात तू बसशील, मी डोळे मिटून पास करीन. म्हणून भावोजींना "नक्की" कळवलं. पहिल्या रविवारी खुर्चीवर जाऊन बसलो. यादीत तुझं नाव नव्हतं. दुसऱ्या महिन्यातही नाही. रोज सकाळी भावोजी विचारायचे, पोर बसली का? मी कळवायचो, बसेल, ऐकत राहा. त्यांनी शेवटी शेवटी विचारणं सोडलं. ऐकणं सोडलं नव्हतं, हे मला तुझ्या पहिल्या पत्राने कळलं.

मग मी परीक्षक म्हणून राजीनामा दिला. कारण सांगितलं, सख्ख्या भाचीला नापास केल्यापासून मन उठलं. त्यावरही लोक म्हणाले, किती हळवा, किती सरळ! क्लबाच्या भिंतीवर माझा फोटो आहे. खाली तोच किस्सा लिहिलाय.

पट्टी जाळायची होती. नाही जाळवली. मामीच्या बटणांच्या डब्यात तळाला ठेवली. तिला वाटायचं, शिवणाचं माप आहे.

माफ कर असं आता लिहीत नाही.

तुझा मामा


२८ मार्च

चि. खुडबुडीस,

तुझं पत्र नाही. यावं अशी अपेक्षाही नाही. फक्त झालं ते कळवतो.

क्लबाच्या चिटणिसाला सगळं लिहून दिलं आणि फोटो उतरवायला सांगितला. तो भला माणूस, घरी आला. "काका, आता कोणाला आठवतंय? कशाला जुनी वही उघडता?" म्हणाला. कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि त्याला म्हटलं, आता तू काहीही बोल, मला ऐकू येत नाही. मुकाट्याने मला क्लबात नेऊन निकालांची वही काढलीन. तुझ्या नावापुढचा निकाल माझ्या हाताने खोडला, पास लिहिलं, खाली आजची तारीख घालून सही केली. शेराही खोडला. त्याने भिंतीवरचा फोटो कागदात गुंडाळून मला दिला. मामीने तो जिन्याखाली ठेवलाय.

तुझ्या आईचा रविवारचा फोन आला नाही. मामीने लावला तर उचलला नाही. हे व्हायचंच होतं.

दोन तारीख जवळ आली. मनाने स्वस्थ राहून दे परीक्षा, एवढंच.

मामा


१४ एप्रिल

मामा,

दोन तारखेला मी गेले नाही.

तुमचं पाच मार्चचं पत्र वॉर्डच्या पत्त्यावर आलं. ड्यूटी संपल्यावर कॉरिडॉरच्या फरशीवर पट्टी पसरली, त्या टोकापासून या टोकापर्यंत. येणारेजाणारे कडेने गेले. कोणी विचारलं नाही, ईसीजी वाटला असणार. मी गुडघ्यांवर सरकत वाचली. तिसरी ओळ आली, ती चूक आली आणि तिच्यापुढे आठ टिंबं. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला कळली होती, मामा. तिला लगेच कळली होती.

त्यानंतर खटक्यावर हात ठेवला की तुम्ही दिसायचात. व्हरांड्यात, खिशात हात घालून. म्हणून नाही गेले. म्हणजे अजून एक परीक्षा तुमच्या पायी गेली, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. आता पुढची ऑक्टोबरात.

आई तुमच्याशी बोलणार नाही म्हणते. मी तिला समजावणार नाही. आबांच्या एकशे ब्याण्णव संध्याकाळी होत्या त्या, माझ्या एकटीच्या नव्हेत. आबा घरी आल्यावर एकदाच म्हणाले होते, "मामा म्हणतो तर काहीतरी असणार, पोरी." मी मान हलवली होती. आम्ही दोघांनी मिळून तुमच्यावर विश्वास ठेवला.

माफी पाठवता येत नाही. शोधली, पण सापडली नाही. पुढे सापडली तर कळवीन.

दुसरी एक गोष्ट पाठवते. आमच्या क्लबात तसलंच जुनं शाईचं यंत्र माळ्यावर पडून होतं. काल त्यावर बसले. तोच उतारा, पाच मिनिटं. त्याच्या आधी आबांचं वाक्य. ऐकायचं काही नाही, तेव्हा कान नसले तरी चालेल. डोळे आहेत ना? मग तपासा. पुतणी-भाचीचा विचार न करता. गुण कळवा.

खुडबुड


२३ एप्रिल

चि. खुडबुडीस,

पट्टी मिळाली. जेवणाचं टेबल पुसून घेतलं, मामीकडून भिंग घेतलं, पेन्सिलीला टोक केलं. मामी शेजारी उतारा वाचत होती, मी बोट ठेवत होतो. सकाळी दहाला बसलो, एकच्या सुमाराला उठलो. दोनदा तपासली, मग अंगणात चक्कर मारून आलो आणि तिसऱ्यांदा तपासली. ही पद्धत तुझीच.

उताऱ्यात दोन चुका. दोन्ही तू आठ टिंबं देऊन खोडल्यास, त्या धरल्या नाहीत.

खोडलेली नाही अशी एक. आबांच्या वाक्यात, "चहा" या शब्दात. पहिल्याच अक्षरात एक टिंब कमी आहे. मामी म्हणाली, "अहो, एवढ्याशा टिंबाचं काय घेऊन बसलात? इतकं झाल्यावर तरी पोरीला पुरते गुण द्या." मी म्हटलं, नाही. तिथे टिंब नाही. नाही म्हणजे नाही. असलेली टिंबं नाहीत म्हणून एकदा लिहिलं, आता नसलेलं आहे म्हणून लिहिणार नाही. तू ते घाईत गाळलंस, त्या वाक्याला हात थरथरला, की म्हातारा काय करतो बघू म्हणून मुद्दाम गाळलंस, हे विचारत नाही.

चूक एक. पाचापर्यंत चालतात. हात हलका, टिंबं स्वच्छ, दोन शब्दांमधलं अंतर भावोजींपेक्षा थोडं जास्त, तेवढं बघ. पास. सही केली आहे. मी आता परीक्षक नाही, तेव्हा या कागदाला क्लबात किंमत नाही. ऑक्टोबरला खरा परीक्षक असेल. बसताना त्याला आधी विचार, कान कधी तपासलेत म्हणून. लाजू नको.

माफी शोधू नको. ड्यूट्या करून थकतेस, त्यात हे आणखी काम नको. सापडायची असली तर ट्रंकेच्या तळाशी वही सापडली तशी सापडेल. नाही सापडली तरी माझं काही म्हणणं नाही.

एक काम मात्र सुरू केलंय. माझा जुना सेट खाली आणला. कानांचा उपयोग नाही म्हणून त्याला एक छोटा दिवा जोडला. टिंब आलं की लुकलुकतो, रेघ आली की जरा जास्त वेळ जळतो. तारेला डाग देताना बोट भाजलं, मामीने यथेच्छ सुनावलं. काटा भावोजींच्या जागेवर लावलाय. तुला ऑक्टोबरपर्यंत परवाना मिळायचा नाही आणि त्याच्याशिवाय हवेत बोलू नको, हे मला माहीत आहे. तरी बसतो. भावोजी माझ्या शब्दावर बसले, मी कोणाच्या शब्दाशिवाय बसतो. नवी वही आणली आहे. लाल पेन्सिल मामीच्या शिवणाच्या डब्यात होती.

आजची ओळ लिहून पत्र बंद करतो.

सहा वाजता पाहिलं. अजून कोणी नाही.

तुझा मामा